पपनस तेवढं नको

डबा उघडला की मला घर कळतं. गव्हात हरभरा मिसळलेला दिसला की समजावं, घरात कुणाला तरी शुगर निघालीय. नागली आली की बाळ नाहीतर म्हातारं माणूस. नुसता राजगिरा आला की सासू कडक. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. यांनी ती सुरू केली तेव्हापासून मी तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. लोकांशी बोलते, डब्यांना चिठ्ठ्या लावते, कुणाचं बारीक आणि कुणाचं भरड ते लक्षात ठेवते. दुसऱ्याच्या घरातलं एवढं कळणाऱ्या बाईला स्वतःच्या ताटातलं काही कळू नये, याचं आता हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं.

छातीचा कॅन्सर मला आठ वर्षांपूर्वी झाला होता. डावी बाजू काढली, केमोच्या सलाइनी झाल्या, किरणांचा शेक झाला, केस गेले आणि परत आले ते कुरळे आले. जन्मभर सरळ केसांची मी, म्हातारपणी कुरळी झाले. पाच वर्षं नीट गेली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. आणि मागच्या उन्हाळ्यात कंबर दुखायला लागली. मला वाटलं डबे सरकवून सरकवून भरून आली असेल. तेल चोळलं, शेकलं, महिनाभर अंगावर काढलं. मग फोटो काढले, तर तो कंबरेच्या हाडात आणि पाठीच्या एका मणक्यात जाऊन बसलेला.

आमचे डॉक्टर फार बोलत नाहीत, पण फसवतही नाहीत. म्हणाले, "मावशी, हा आता मुळापासून जाणार नाही. पण त्याला दाबून ठेवता येतं. रोज गोळी, महिन्याला इंजेक्शन, मधूनमधून तपासणी. असं करत बायका वर्षं काढतात."

"किती वर्षं?"

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

बरं वाटलं मला ते ऐकून. खोटं बोलले नाहीत ना.

पण दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. अठ्ठावन्न किलोची मी सत्तेचाळिसावर आले होते. त्यांनी मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा सुनेने हाताला धरलं. डॉक्टर म्हणाले, "हे असंच चाललं तर ही गोळी तुम्हाला झेपणार नाही. मला ती कमी करावी लागेल, नाहीतर थांबवावी लागेल. आणि मला ती थांबवायची नाहीये. वजन टिकवा, ताकद टिकवा. पुढच्या महिन्यात बघू."

म्हणजे माझा सगळा भार त्या गोळीवर, आणि गोळीचा भार माझ्या अंगावरच्या मांसावर. आणि मांस तर राहिलंच नव्हतं.

ते का राहिलं नाही, ते आता सांगते. ती करणी माझीच. म्हणजे माझी आणि गल्लीची.

गिरणी म्हणजे काय, अर्धा तास थांबावं लागतं. अर्धा तास थांबलेलं माणूस सल्ला दिल्याशिवाय जात नाही. माझं दुखणं परत उठलं हे कळल्यावर जो तो डब्याबरोबर एक पथ्य आणायला लागला. एकीने सांगितलं, साखर बंद करा, साखरेवरच तो पोसतो. मी चहा कोरा आणि बिनसाखरेचा केला. दुसरी म्हणाली, दूध नको, गाईम्हशींना इंजेक्शनं देतात. दूध, दही, ताक, पनीर गेलं. अंडी-मटण उष्ण म्हणून गेलं. डाळ वातूळ म्हणून गेली, हाडात वात भरतो म्हणे. शेंगदाणे पित्ताचे. भात थंड. वांगं तर काय, वांग्याला कुणीच चांगलं म्हणत नाही. शिवाय चतुर्थी आणि सोमवार माझे पहिल्यापासूनचे, त्यात मी मंगळवार वाढवला, बरं वाटू दे म्हणून. उरलं काय? दुधी भोपळ्याचा रस, मुगाचं कढण आणि ज्वारीची अर्धी भाकरी. वर मला अभिमान! आल्यागेल्याला सांगायची, "माझं पथ्य फार कडक आहे हो." जशी काही परीक्षेतच पहिली आले.

यांना ते पटत नव्हतं. एकदा म्हणाले, "अगं, दगडाला दाणा दिला नाही तर दगड दगडाला खातो." गिरणीतलं आहे ते. दोन दगडांमध्ये धान्य नसताना गिरणी फिरली की दगडच झिजतात. मी म्हटलं, "तुम्हाला सगळीकडे गिरणीच दिसते." पण माणूस बरोबर बोलत होता.

तर डॉक्टरांनी त्याच दिवशी आम्हाला दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, पोरगीच. हरसूलकडची असावी, बोलण्यात मधूनच डोंगराकडचा हेल येत होता. तिने विचारलं, काय काय खात नाही? सुनेने पर्समधून यादी काढली आणि वाचायला लागली. वाचताना तिला दोनदा धाप लागली, एवढी यादी. पोरीने पेन खाली ठेवलं.

"मग मावशी, तुम्ही खाता काय?"

मी सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत खरंच कळवळा होता तिच्या, अजून आठवतो. मग माझ्या हातावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "हे सगळं सोडा आता. आजपासून पथ्य काहीच नाही. जे आवडतं ते खा. जेव्हा खावंसं वाटेल तेव्हा खा."

त्यापुढेही ती बरंच बोलली. एक कागद लिहून दिला. पण आम्हा दोघींना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. सुनेने कागदाची घडी घातली आणि न वाचताच फाइलमध्ये सरकवला.

आपल्याकडे हे वाक्य कधी बोलतात, ते काय सांगायला हवं? माझ्या सासऱ्यांच्या वेळी डॉक्टर खोलीबाहेर येऊन असंच म्हणाले होते, आता त्यांना जे हवं ते खाऊ द्या. सासूबाईंना तेवढ्यात समजलं. आत जाऊन रवा भाजायला घेतला. तिसऱ्या दिवशी सासरे गेले. आमच्या घरात पथ्य सुटणं म्हणजे काय, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

रिक्षा द्वारकेच्या गर्दीत अडकली. पुढे ट्रक, बाजूला बस, हॉर्नवर हॉर्न. सून बाहेर बघत होती. बाहेर बघतच तिने विचारलं, "आई, आज काय खाणार तुम्ही?" आणि पदर तोंडाला लावला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि त्या बिचाऱ्याने हॉर्न वाजवायचा थांबवला.

मी म्हटलं, "वांग्याचं भरीत कर." दुसरं काही सुचलंच नाही मला.

घरी गेल्यावर तिने यांना बाजूला घेऊन सांगितलं. मला दिसत होतं. हे तसेच उठले. गिरणीत गेले आणि पट्टा उतरवला. भर दुपारी, डब्यांची रांग लागलेली असताना, यांनी गिरणी बंद केली. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग पिठाने भरल्या अंगाने येऊन माझ्या पलंगाशी बसले. मी म्हटलं, "पीठ सांडतंय गादीवर." तर म्हणाले, "सांडू दे."

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. मुलाने माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला, तिला चांदवडला दिलेली. ती दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन हजर. घरात सगळे हळू बोलायला लागले. आणि खायला घालायला लागले! सकाळी शिरा. दहा वाजता अंड्याची पोळी. दुपारी पुरणपोळी, वर तूप. बहिणीने काळ्या मसाल्याचं मटण केलं. शेजारच्या खालांनी शेवयांची खीर पाठवली, वाटी नाही, पातेलं. त्यांची सून निरोप घेऊन आली, "अम्मीने सांगितलंय, सगळी संपवायची." गल्लीतल्या ज्या बायकांनी एकेक पथ्य सांगितलं होतं त्याच आता एकेक डबा घेऊन येत होत्या. दूध नको म्हणणारी बासुंदी घेऊन आली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर तिने नजर खाली घातली.

आणि मी खात होते. भूक होती म्हणून नव्हे हो. कुणाचं मन मोडायचं नव्हतं. दोन घास यांचे, दोन घास सुनेचे, दोन घास बहिणीचे. मला आतून सगळं समजलं होतं असं मला वाटत होतं, आणि भीतीपेक्षा जास्त एक वेगळीच गोष्ट मनात होती. एवढी माणसं आपल्यासाठी चुलीपुढे उभी राहतात! हे कधी बघायला मिळालं नसतं. मी सुनेला कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या, बहिणीला सांगितलं माझी मोरपंखी पैठणी तू घे. ती रडली आणि लगेच म्हणाली, "काठ जरा इरलेत पण घेते." अशी आहे आमची बहीण.

गणपतीचे दिवस होते. सहाव्या दिवशी बहिणीने पिशवीच्या तळातून एक भलंमोठं पपनस काढलं. तिच्या परसात झाड आहे. लहानपणी आम्ही दोघी नैवेद्याचं पपनस चोरून खायचो. तिने पलंगावर कागद पसरला, साल काढली, आतलं पांढरं सोललं, गुलाबी फोड मोकळी केली. खोलीभर वास.

"अक्का, घे. तुझ्या आवडीचं हाय. यंदा लय लागलंय झाड."

मी तोंड उघडलं, आणि दारातून हे ओरडले, "थांब! तोंडात घालू नको!"

एवढ्या दिवसांत घरात तो पहिला मोठा आवाज. हे इंजेक्शनची तारीख बघायला फाइल चाळत बसले होते. हातात आहाराचा तो कागद. आम्ही कुणी तो उघडलाच नव्हता. काय लिहिलं असणार ते माहीतच होतं ना आम्हाला.

बहीण उसळली, "दाजी, काय हे? आता शेवटी शेवटी तरी खाऊ द्या की तिला सुखानं!"

 तो शब्द तोपर्यंत कुणी बोललं नव्हतं. तिलाही कळलं. फोड हातात तशीच.

यांनी चष्मा नीट केला आणि वाचलं, "'पपनस आणि पपनसाचा रस अजिबात नको. या गोळीबरोबर चालत नाही.' खाली दोन रेघा मारल्यात." मग वर पाहिलं. "मला एक सांगा. ज्या माणसाला सोडून दिलंय, त्याला पपनसाची बंदी कशाला घालतील?"



"म्हंजी?" बहीण म्हणाली.

"म्हणजे ही गोळी पुढे खाणार आहे, असं धरून हे लिहिलंय."

सुनेने कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि वरपासून मोठ्याने वाचायला लागली. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. प्रत्येक वेळी डाळ, उसळ, अंडं, दही, पनीर, मासे यातलं काहीतरी हवंच. दूध चालेल. शेंगदाणे चालतील. अंडं पूर्ण शिजवून. फळं चांगली धुऊन, रस्त्यावरचा रस नको. उपास नकोत. कुठलीही पावडर, काढा, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वजन दर आठवड्याला बघणे. आणि सगळ्यात खाली, चालणं आणि व्यायाम, त्यासाठी व्यायामाच्या ताईंना भेटणे.

"व्यायाम!" सून म्हणाली आणि कागद माझ्यापुढे धरला. "आई, यांनी तुम्हाला व्यायाम सांगितलाय!"

कागदावर नंबर होता. फोन लावला, स्पीकरवर टाकला. सुनेने सगळं सांगितलं, रडत आणि मधेच हसत. पलीकडून त्या पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो ताई, पथ्य नाही म्हणजे खरंच पथ्य नाही! मावशींना खायला घालायचंय म्हणून म्हटलं मी!"  मग हळूच, "चूक माझी. आमच्या गावाकडेही हे वाक्य तेव्हाच बोलतात. मला कळायला हवं होतं. मी परत असं नाही बोलणार."

मी म्हटलं, "बाळा, तू बोललीस म्हणून तर मी जेवले."

खरंच होतं ते. यांनी मला तेव्हाच गिरणीच्या काट्यावर उभं केलं, ज्यावर दळणाचे डबे ठेवतो त्यावर. सव्वा किलो वाढली होती. सगळे माझ्या जाण्याची तयारी करत होते आणि मी सव्वा किलो वाढले! बहीण म्हणाली, "अक्का, पैठणी मी आता परत द्यायची का?" मी म्हटलं, "हो. आणि काठ नीट करून दे." पपनस तिने आणि सुनेने संपवलं, माझ्यासमोर, मिटक्या मारत. दुष्ट!

आता खाण्याचं गणित नव्याने मांडलं. नुसत्या शिऱ्या-बासुंदीने वजन दिसतं, पण ताकद येत नाही, असं त्या पोरीने समजावलं. साखरेचा बागुलबुवा करू नका, पण साखरेने मांस चढत नाही, म्हणाली. मग काय, गिरणी घरचीच. मी माझं दळण मीच लावलं. ज्वारीत हरभरा डाळ आणि थोडं भाजलेलं सोयाबीन. नागलीचं सत्त्व दुधात. गव्हाचं आणि डाळ्याचं सातूचं पीठ, ताकात कालवून चार वाजता. सकाळी उकडलेलं अंडं, हे सोलून देतात, अर्धं टरफल वर तसंच ठेवतात ते सोडा. भूक लागायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. गोळीने तोंड कडू व्हायचं, तेव्हा गरम वाफेच्या वासाने मळमळे. मग थंड दहीभात खायचा, वास कमी येतो. पोट बिघडलं त्या दिवसांत मऊ भात, केळं आणि मीठसाखरेचं पाणी. एकदा पोट फारच चाललं, तेव्हा लगेच दवाखान्याला फोन केला, अंगावर काढलं नाही. अंगावर काढायची सवय मी आता मोडली आहे. मंगळवारचं गणपतीला सांगितलं, बाबा, तू बघतोयस, मी मोदक खाऊन तुझं नाव घेते. त्याला कशाला वाईट वाटेल? तो स्वतःच खाणारा.

व्यायामाचं मात्र घरात भांडण झालं. मुलगा अंबडला कंपनीत आहे, यंत्रांवर काम करतो, त्यामुळे त्याला वाटतं की झिजलेल्या भागाला हलवायचंच नाही. "हाडात गेलंय तिच्या, आणि चाला म्हणतात! पडली म्हणजे? आई, तू बसून राहा. काही हवं तर हाक मार."

व्यायामाच्या ताईंनी आधी माझे सगळे फोटो पाहिले, डॉक्टरांशी बोलल्या. मुलालाही बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमची भीती खोटी नाही. म्हणून काय करायचं नाही ते आधी सांगते. डबे उचलायचे नाहीत. वाकून अंग पिळायचं नाही. झटका नाही, उडी नाही. नवीन जागी दुखलं, पाय बधिर झाले, तर लगेच यायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. पण बसून राहिल्या तर पायातलं बळ जाईल, आणि मग नक्की पडतील." मुलगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे ग्रीस सुकू द्यायचं नाही." ताई म्हणाल्या, "तसंच समजा." त्याला त्याच्या भाषेत कळलं की तो ऐकतो.

मला सांगितलं ते सोपं होतं. भिंतीला हात चालवत वर न्यायचा, डावा हात आखडला होता त्यासाठी. गल्लीत चालायचं, आधी पाच मिनिटं. आणि मुख्य म्हणजे खुर्चीवरून उठायचं, बसायचं. उठताना शक्य होईल तेवढं हाताचं बळ कमी करायचं.

घरात ते व्हायचं नाही. कंटाळा यायचा, कोण मोजत बसणार? मग मी पुन्हा गिरणीच्या दाराशी खुर्ची टाकली. तोंडाला फडकं बांधून, पिठाच्या धुरळ्यापासून लांब. आणि ठरवलं, डबा आला की उठायचं. उचलायचा नाही, नुसतं उठून त्याचं स्वागत करायचं. आमच्याकडे माणसांची उठबस पहिल्यापासूनच, फक्त आता ती खरीखुरी झाली.

पहिल्या दिवशी तीन डब्यांना उठले, दोन्ही हात टेकून. चौथ्याला म्हटलं, "बाई, तुला बसूनच नमस्कार." आठवड्याने आठ डबे. मग एक हात सुटला. गल्लीला कळायला किती वेळ? बायका दुरूनच ओरडायच्या, "काकू, माझे दोन आहेत, दोनदा उठा!" एखादी मुद्दाम डबा ठेवून परत उचलायची, परत ठेवायची. "चीटिंग नको," मी म्हणायची. ती बासुंदीवाली तर पाच किलोचं दळण दोन डब्यांत वाटून आणायला लागली. हे वैतागले, "वहिनी, मला चाळणी दोनदा झाडावी लागते!" ती म्हणाली, "झाडा की. पथ्य सांगून मी त्यांना वाळवलं, आता माझे दोन डबे त्यांना द्यायचेच."

कधीकधी अंगात काडीची ताकद नसायची. इंजेक्शननंतरचे दोन दिवस तर हाडं ठणकायची. तेव्हा मी उठायची नाही आणि कुणी काही म्हणायचं नाही. डबे गुपचूप रांगेत लागायचे.

महिन्याने डॉक्टरांकडे गेलो तेव्हा वजन आणखी थोडं वाढलेलं. गोळी तशीच ठेवली. पण ते म्हणाले, अजून दोन महिने बघू, मग फोटो काढू, मग ठरवू. ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोट बिघडलं की वाटायचं, गेलं, आता थांबवणार.

फोटो निघाले ते थंडीत. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे, सून माझ्याकडे. म्हणाले, "वाढलेला नाही. आहे तिथे आहे."

"गेला नाही?"

"नाही, मावशी. जाणार नाही हे आपण बोललोय. पण तुम्ही त्याला बसवून ठेवलंय." मग खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "आता जरा हात न टेकता..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभी होते. सवयच ती, समोर माणूस आलं की उठायची. ते हसले. कागदावर काहीतरी लिहिलं, सुनेकडे दिलं. गोळी तीच, तेवढीच, पुढे चालू.

मला रडू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "पुढची तारीख कोणती देऊ?" आणि तिने जी सांगितली ती ऐकून सून म्हणाली, "त्या दिवशी नको हो. चांदवडला लग्न आहे, मावशींच्या पुतणीचं. हळद आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशीची नाही मिळणार?"

"दुसऱ्या दिवशी डॉक्टर नाहीत. गुरुवार?"

"गुरुवारी यांची सुट्टी नसते."

"अहो ताई, मग तुम्हीच सांगा कोणती हवी!"

मागे रांग थांबली होती. दोघी वाद घालत होत्या, कॅलेंडर उलटंपालटं करत होत्या, आणि मी तिथे माझ्या पायांवर उभी राहून ऐकत होते. तारखेवरून कुरबुर! केवढी ही श्रीमंती. डॉक्टरांचे, त्या पोरीचे, व्यायामाच्या ताईंचे, साऱ्या गल्लीचे उपकार कुठे फेडू, असं मनात येत होतं. मागची बाई म्हणाली, "आजी, बसा ना तुम्ही." मी म्हटलं, "नको गं, बरं आहे असंच."

शेवटी शुक्रवार ठरला. सुनेने तो बोटावर मोजून पाहिला, मान हलवली आणि मला म्हणाली, "लग्नात पंगत उशिरा बसते, आई. तुमचा डबा मी बरोबर घेणार आहे. आणि मावशींना आधीच सांगून ठेवा, नाचायला ओढायचं नाही."

"हळू हळू नाचले तर?"

"ताईंना विचारू," ती म्हणाली.